डोकं दुखतंय म्हणणाऱ्या मुलाचा घसा बघा

सहा-सात वर्षांचं मूल शाळेतून येतं, दप्तर टाकतं आणि आडवं होतं. हात लावावा तर अंग तापलेलं. काय होतंय विचारलं तर म्हणतं, डोकं दुखतंय. जरा वेळाने पोटही दुखतं, मग एक उलटी होते. घरात चर्चा सुरू होते: ऊन लागलं, पित्त झालं, डब्यातलं काहीतरी बाधलं. घशाचं नाव कुणीच काढत नाही, मूलसुद्धा नाही. रात्री वरणभाताचा घास गिळताना ते तोंड वाकडं करतं तेव्हा कुठे कोडं सुटतं.

स्ट्रेप थ्रोट अनेक मुलांत असाच सुरू होतो. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस, म्हणजे अ गटातला स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जिवाणू घशात आणि टॉन्सिल्सवर वाढतो, आणि ताप, डोकेदुखी, पोटदुखी, उलटी ही त्याचीच लक्षणं असतात. त्यामुळे ताप आणि डोकेदुखी एकत्र आली की मुलाची तक्रार असो वा नसो, घसा बघायचा. त्याच वेळी डोकेदुखी घशापेक्षा गंभीर कशाची तर नाही ना, हेही बघायचं. या दोन्ही गोष्टी घरी बऱ्याच अंशी ओळखता येतात.

हा आजार मुख्यतः 5 ते 15 वर्षांच्या मुलांचा. 3 वर्षांखाली तो क्वचित होतो. घसा दुखणाऱ्या दहा मुलांपैकी साधारण दोन ते तीन मुलांनाच स्ट्रेप असतो. बाकीच्यांचा घसा विषाणूमुळे धरलेला असतो आणि त्यावर अँटिबायोटिक काहीच काम करत नाही. म्हणजे प्रत्येक घशाला अँटिबायोटिक देणं चूक, आणि "घसाच तर आहे" म्हणून सगळेच सोडून देणं त्याहून मोठी चूक.

मोठी का, ते आधी सांगायला हवं. स्ट्रेपचा ताप औषध न घेताही तीन ते पाच दिवसांत उतरतो. मूल खेळायला लागतं, घरातले विसरून जातात. काही मुलांत मात्र जिवाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं दोन-तीन आठवड्यांनी स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतात. हाच संधिवाताचा ताप, डॉक्टर ज्याला रुमॅटिक फीव्हर म्हणतात. श्रीमंत देशांतून तो जवळपास गेला, आपल्याकडे आजही तरुण वयात झडपेचं ऑपरेशन करावं लागण्यामागे बऱ्याचदा लहानपणीचा हाच ताप असतो. चांगली गोष्ट अशी की घसा दुखायला लागल्यापासून 9 दिवसांच्या आत योग्य अँटिबायोटिक सुरू झालं तरी तो टळतो. म्हणून निव्वळ घशासाठी रात्री दोन वाजता दवाखाना गाठायची गरज नाही. सकाळी नीट तपासून घ्यायला वेळ असतो.

आधी ताप मोजा आणि लिहून ठेवा

हाताच्या पाठीने बघितलेला ताप हा ताप नव्हे. डिजिटल थर्मामीटर घ्या, काख कोरडी पुसा, टोक काखेच्या अगदी मध्यभागी ठेवून हात अंगाशी दाबून धरा आणि बीप वाजेपर्यंत हलू देऊ नका. काखेतलं तापमान तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरेनहाइट कमी येतं, तेव्हा डॉक्टरांना आकडा सांगताना कुठे मोजला तेही सांगा. 100.4 फॅरेनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस, हा स्ट्रेपच्या हिशेबातला महत्त्वाचा आकडा आहे.

एका कागदावर चार गोष्टी लिहा: ताप किती आणि किती वाजता, कोणतं औषध किती मिली दिलं, लघवी शेवटची कधी झाली, आणि मुलाचं वजन. वजन अंदाजे नको. किराणा दुकानातल्या काट्यावर का होईना, खरं वजन करा. पुढचा सगळा औषधाचा हिशेब त्याच्यावर चालतो.

घसा कसा बघायचा

मुलाला खिडकीसमोर किंवा दिव्याखाली खुर्चीत बसवा. मोबाईलची बॅटरी चालते. पण डोळ्यांवर प्रकाश पाडला की मूल मान फिरवतं, म्हणून तो खालून वर न्या. तोंड मोठ्ठं उघडून जीभ बाहेर काढायला सांगा आणि कुत्र्यासारखं धापा टाकायला लावा. नुसतं "आ कर" म्हटलं की जीभ वर येते आणि पाठीमागचं काही दिसत नाही. धापा टाकताना ती आपोआप खाली जाते. तरी नाहीच दिसलं तर स्वच्छ चमच्याचा दांडा जिभेच्या पुढच्या भागावर हलकेच टेकवा. मागे नेलात तर उलटी येणार आणि मूल पुन्हा तोंड उघडणार नाही. दोन-तीन सेकंदच मिळतात, त्यामुळे कुठे बघायचं ते आधी ठरवा.

मधोमध लोंबते ती पडजीभ. तिच्या दोन्ही बाजूंना असतात ते टॉन्सिल्स. ते लालबुंद आणि सुजलेले आहेत का? त्यांवर पांढरट-पिवळसर ठिपके किंवा पट्टे आहेत का? मग टाळूकडे बघा: पडजिभेच्या आसपास टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले तर स्ट्रेपचा संशय चांगलाच वाढतो. जिभेवर पांढऱ्या थरातून लाल दाणे वर आलेले असतील, तर तीही खूण.

लहान मुलांचे टॉन्सिल्स मुळातच मोठे असतात, चार ते आठ या वयात तर सगळ्यात मोठे. नुसते मोठे दिसले म्हणजे आजार झाला असं नाही. मूल बरं असताना एकदा घसा बघून ठेवा म्हणजे फरक कळतो. आणि टॉन्सिलवरचे पांढरे ठिपकेही एकट्याने स्ट्रेप सिद्ध करत नाहीत. काही विषाणूही अगदी तसाच घसा करतात.

आता मान. जबड्याच्या कोपऱ्याखाली, कानाच्या जरा पुढे-खाली, दोन्ही बाजूंनी बोटांच्या पेरांनी हळू दाबा. स्ट्रेपमध्ये इथल्या गाठी शेंगदाण्याएवढ्या किंवा मोठ्या होतात आणि दाबल्यावर मूल हात झटकतं. निरोगी मुलांतही इथे बारीक गाठी लागतात, पण त्या दुखत नाहीत.

शेवटी कपडे काढून छाती, पोट, काखा आणि जांघ बघा. गोऱ्या कातडीवर स्ट्रेपचं पुरळ लाल दिसतं. आपल्याकडच्या सावळ्या मुलांत ते नजरेला येतच नाही. डोळ्यांनी शोधू नका, तळहात फिरवा. बारीक पॉलिश पेपरवरून हात फिरवल्यासारखं खरखरीत लागलं, कोपराच्या आणि काखेच्या घडीत गडद रेषा दिसल्या आणि तोंडाभोवतीची कड फिकी वाटली, तर तो स्कार्लेट फीव्हर, म्हणजे पुरळासह आलेला स्ट्रेप. आठवड्याभराने बोटांच्या टोकांची सालं निघतात तेव्हा लोक घाबरतात. ती त्याच आजाराची शेपटी असते.

एक इशारा इथेच. मूल लाळ गिळू शकत नसेल, पुढे झुकून तोंड उघडं ठेवून बसलं असेल किंवा श्वास घेताना आवाज येत असेल, तर चमचा तोंडात घालूच नका. आहे तसं, बसलेल्या अवस्थेतच, दवाखान्यात न्या.

खोकला आहे का?

घसा बघण्याइतकाच, कधीकधी त्याहूनही जास्त, या प्रश्नाचा उपयोग होतो. विषाणू नाक, घसा, डोळे सगळीकडे एकदम पसरतो. स्ट्रेप घशात ठाण मांडतो. त्यामुळे नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे लाल आहेत, जुलाब होतायत, तोंडात छोटे व्रण आहेत, यातलं काही ठळकपणे असेल तर तो घसा बहुधा विषाणूचा. तळहात-तळपायावर फोड असतील तर तेही विषाणूचंच काम.

स्ट्रेप एकदम येतो. सकाळी खेळणारं मूल संध्याकाळी 102 तापाने फणफणतं, आवंढा गिळताना कळवळतं, आणि नाक मात्र कोरडं ठाक. घरात किंवा वर्गात कुणाला स्ट्रेप होऊन दोन ते पाच दिवस झाले असतील तर संशय आणखी पक्का.

डॉक्टर जो हिशेब मनात करतात तो साधा आहे. ताप 38 सेल्सिअसच्या वर असेल तर 1 गुण. खोकला नसेल तर 1. गळ्याच्या पुढच्या गाठी दुखत असतील तर 1. टॉन्सिल्स सुजलेले किंवा त्यांवर पांढरं असेल तर 1. वय 3 ते 14 असेल तर 1. बेरीज 0 किंवा 1 आली तर तपासणीही नको आणि अँटिबायोटिकही नको. 2 किंवा 3 आली तर तपासणी करावी. 4 किंवा 5 आली तर स्ट्रेप असण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास जाते. जिथे तपासणीची सोय नाही तिथे बरेच डॉक्टर सरळ औषध सुरू करतात. बेरीज 5 आली तरी अर्ध्या मुलांना स्ट्रेप नसतो, हे मात्र विसरू नका. हा हिशेब डॉक्टरांशी बोलण्यासाठी आहे, मेडिकलमधून परस्पर औषध आणण्यासाठी नाही.

डोकेदुखी कशाची, हे कसं ओळखायचं

तापातली साधी डोकेदुखी तापाबरोबर चढते आणि तापाबरोबर उतरते. म्हणून पॅरासिटामॉल दिल्यावर तासाभराने मुलाकडे पुन्हा बघायचं. ताप 99 च्या आसपास आला, डोकं हलकं झालं, मूल उठून बसलं, पाणी मागितलं, कार्टून लावा म्हणालं, तर ती डोकेदुखी तापाचीच. ताप उतरला तरी मूल डोकं धरून पडून आहे, उजेड नको म्हणतंय, कुणी बोललेलं सहन होत नाही, तर हे वेगळं प्रकरण आहे.

मग मानेची तपासणी करा. मुलाला बसवा, तोंड मिटून हनुवटी छातीला टेकवायला सांगा. लहान असेल तर गुडघ्याची पापी घ्यायला लावा, ते खेळ समजून करून दाखवतं. गाठी सुजल्या असतील तर मान बाजूला वळवताना दुखेल, पण पुढे वाकेल. मेंदूच्या आवरणाला सूज असेल तर मान पुढे वाकतच नाही. मूल पाठीसकट पुढे येतं किंवा किंचाळतं. दीड-दोन वर्षांखालच्या बाळात मान आखडलेली जाणवत नाही; तिथे डोक्यावरची फुगलेली टाळू, सतत किरकिर, उचलून घेतल्यावर आणखी मोठ्याने रडणं आणि दूध नाकारणं यांवर लक्ष ठेवावं लागतं.

महाराष्ट्रात पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने हा विचार आणखी बारकाईने करावा लागतो. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंग मोडून आलेलं, आणि घसा मात्र जवळपास स्वच्छ: अशा वेळी डेंग्यू आधी आठवायचा. थंडी वाजून, हुडहुडी भरून येणारा ताप मलेरियाचा असू शकतो. रोज थोडा थोडा चढत जाणारा, आठवडाभर रेंगाळणारा ताप टायफॉइडचा. विदर्भात आणि कोकणात शेताच्या कडेला किंवा झुडपांत खेळलेल्या मुलाच्या काखेत, जांघेत काळी खपली दिसली तर स्क्रब टायफस, म्हणजे झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून येणारा ताप. चांदीपुरा विषाणूचं नाव तर नागपूरजवळच्या गावावरूनच पडलं. 1965 मध्ये तो तिथे सापडला. वाळूमाशीच्या चाव्यातून येणारा हा मेंदूज्वर ताप, उलटी, झटके आणि बेशुद्धी असा एक-दोन दिवसांत धावत जातो. तो विरळा आहे, पण तापात झटका आला आणि मूल त्यानंतर शुद्धीवर येत नसेल तर घरी थांबायचं नाही, ते यासाठीच.

आणि "सायनस". चार वर्षांच्या मुलाचं कपाळ दुखलं की घरोघरी हे निदान होतं. कपाळातल्या पोकळ्या सात-आठ वर्षांपर्यंत नीट तयारच झालेल्या नसतात, त्यामुळे इतक्या लहान वयात कपाळाचा सायनस भरणं जवळपास शक्य नाही.

ताप नसताना वरचेवर डोकं दुखत असेल तर तो निराळा विषय. तिथे आधी चष्म्याचा नंबर, पाणी, डबा आणि झोप तपासा. पण पहाटे उठताच डोकं दुखून उलटी होणं, दुखण्याने झोपेतून जाग येणं, चालताना तोल जाणं, डोळा तिरळा होणं किंवा दोन-दोन दिसणं, यातलं एकही असेल तर डॉक्टरांची भेट पुढे ढकलू नका.

लगेच निघायचं केव्हा

खाली दिलेल्यांपैकी एकही गोष्ट दिसली तर घशाचा हिशेब बाजूला ठेवा आणि मोठं रुग्णालय गाठा. वाहन नसेल तर 108.

मान पुढे वाकत नाही, मूल ग्लानीत आहे, भलतंच बडबडतंय किंवा झटका आला.

अंगावर लालसर-जांभळे डाग आहेत आणि काचेचा पारदर्शक ग्लास दाबून धरला तरी ते नाहीसे होत नाहीत. सावळ्या मुलांत हे तळहात, तळपाय आणि खालच्या ओठाच्या आत बघा.

लाळ गळतेय, तोंड पुरतं उघडत नाही, आवाज तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा येतोय, किंवा पडजीभ एका बाजूला ढकलली गेलीय. टॉन्सिलच्या मागे पू साठला की असं होतं.

घशात करड्या रंगाचा चिवट पापुद्रा आहे, पुसायला गेलं तर रक्त येतं, गळा बैलासारखा सुजलाय. हा घटसर्प. ज्या मुलांचे डीपीटीचे डोस राहिलेत, त्यांना तो आजही होतो. दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा बूस्टर दिलाय का, ते कार्डावर बघून घ्या.

आठ-दहा तासांत लघवी नाही, डोळे खोल गेलेत, घोटभर पाणीही टिकत नाही.

डेंग्यूच्या दिवसांत ताप उतरता उतरता पोट खूप दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, नाकातून-हिरड्यांतून रक्त आलं किंवा हातपाय गार पडले. ताप उतरला म्हणून निर्धास्त होण्याची हीच सगळ्यात वाईट वेळ असते.

तपासणी: काय मागायचं, काय नाही

स्ट्रेप पक्का करायचा तर घशातला स्वॅब घ्यावा लागतो. तो दोन्ही टॉन्सिल्सवरून आणि मागच्या भिंतीवरून फिरवला पाहिजे. जिभेला आणि गालाला लागला की निकाल चुकतो. अँटिबायोटिकचा एकही डोस देण्याआधी आणि औषधी गुळण्या करण्याआधी तो घ्यायचा. रॅपिड अँटिजेन किटवर उत्तर दहा-पंधरा मिनिटांत मिळतं. ते पॉझिटिव्ह आलं तर जवळजवळ खात्रीचं. निगेटिव्ह आलं तर काही मुलांचा स्ट्रेप किटच्या पकडीतून सुटलेला असतो, म्हणून मुलांमध्ये मागाहून कल्चर करतात, म्हणजे स्वॅबवरचा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून बघतात. कल्चरला 24 ते 48 तास लागतात. 9 दिवसांची मुदत लक्षात घेतली तर ते थांबणं परवडतं.

आपल्याकडे मात्र घसा दुखला की रक्तातली एएसओ तपासणी लिहून देण्याची सवय खोलवर रुजली आहे, आणि ती इथे निरुपयोगी आहे. एएसओ म्हणजे झालेल्या स्ट्रेपविरुद्धची प्रतिपिंडं. ती वाढायलाच एक ते तीन आठवडे लागतात. आज घसा धरलाय आणि आज एएसओ वाढलेला आला, तर तो मागच्या महिन्यातल्या संसर्गाचा असेल. नॉर्मल आला म्हणजे आज स्ट्रेप नाही असंही ठरत नाही. नुसत्या वाढलेल्या एएसओवर महिनोन्महिने पेनिसिलिनची इंजेक्शनं घेणारी मुलं गावोगावी सापडतील. संधिवाताच्या तापाचा संशय असेल तेव्हा या तपासणीला अर्थ आहे. ताज्या घशासाठी नाही.

ताप आणि दुखण्याचं औषध

पॅरासिटामॉल एका वेळी 15 मिलिग्रॅम दर किलोला, दोन डोसांत किमान 4 ते 6 तासांचं अंतर, आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. गोंधळ होतो तो बाटलीवरच्या आकड्यात. एकच औषध 5 मिलीत 120 मिलिग्रॅम असंही मिळतं, 5 मिलीत 250 असंही, आणि तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स तर 1 मिलीतच 100 मिलिग्रॅम असतात. 12 किलोच्या मुलाला 180 मिलिग्रॅम हवं. 120 च्या सिरपमधून ते 7.5 मिली होतं. तेच 7.5 मिली चुकून 250 च्या बाटलीतून दिलं तर दुप्पट डोस गेला. ड्रॉप्समधून दिलं तर चौपट. घरात दोन मुलांच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी असतात, आणि ही चूक रात्रीच होते. मापाला बाटलीबरोबरचं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा; स्वयंपाकघरातला चमचा 3 मिलीचाही असतो आणि 7 मिलीचाही.

आयबुप्रोफेन घशाच्या दुखण्याला चांगलं लागू पडतं, पण डेंग्यूची शक्यता मनातून गेली नसेल तोवर ते नको, आणि मेफेनॅमिक ॲसिडही नको. पावसाळ्यात फक्त पॅरासिटामॉल. दोन औषधं मिसळलेली सिरप मिळतात, ती देताना आत पॅरासिटामॉल आहे का ते वाचा, नाहीतर तेच औषध दोनदा जातं. ॲस्पिरिन मुलांना अजिबात द्यायचं नाही. निमेसुलाइडला 12 वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात 2011 पासून बंदी आहे. घरात जुनी बाटली असेल तर ओतून टाका.

घरगुती उपायांचं म्हणाल तर कोमट पाण्याच्या गुळण्या (ग्लासभर पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ) सहा वर्षांपुढच्या मुलाला बरं वाटायला मदत करतात. मध चालतो, पण वर्षाखालच्या बाळाला नाही. हळदीचं दूध आवडत असेल तर द्या. यातलं काहीही स्ट्रेपला मारत नाही. आईस्क्रीमने घसा बिघडतो हा समज सोडून दिलात तर उलट ते कामी येतं: गार, मऊ, गिळायला सोपं, पोटात थोड्या कॅलरी जातात. पेज, सार, ताक, नारळपाणी, जे उतरेल ते घोट घोट.

दहा दिवस आणि बाटल्यांचं गणित

स्ट्रेप पक्का झाला तर पहिली पसंती आजही पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनला आहे. इतक्या वर्षांत हा जिवाणू पेनिसिलिनला दाद देईनासा झालेला नाही. अमॉक्सिसिलिन दिवसाला 50 मिलिग्रॅम दर किलोला, जास्तीत जास्त 1000 मिलिग्रॅम, एकदा किंवा दोनदा विभागून, पूर्ण 10 दिवस. हे डॉक्टर ठरवतील. तुमच्या हातात असतं ते पुढचं.

वीस किलोचं मूल घ्या. त्याला दिवसाला 1000 मिलिग्रॅम, म्हणजे सकाळी 500, रात्री 500. सिरप 5 मिलीत 250 चं असेल तर सकाळी 10 मिली, रात्री 10 मिली. दिवसाचे 20 मिली, दहा दिवसांचे 200. दुकानात मिळते ती बाटली असते 60 मिलीची, काही 30 मिलीच्या. म्हणजे 60 ची बाटली तिसऱ्या दिवशी संपते. नेमका त्याच दिवशी ताप उतरलेला असतो, मूल पळतंय, आणि बाटली संपली म्हणजे कोर्स संपला असं घरात ठरतं. कोर्स अर्धवट राहतो तो बहुधा या साध्या कारणाने, हलगर्जीपणाने नव्हे. पहिल्याच दिवशी चारही बाटल्या आणा आणि कॅलेंडरवर दहा चौकोन आखा.

मात्र चारही एकदम कालवू नका. पावडरमध्ये पाणी पडलं की औषध साधारण सातच दिवस टिकतं. बाटलीवर लिहिलेला काळ बघा आणि फ्रिजच्या दारात नव्हे, आतल्या कप्प्यात ठेवा. कालवताना आधी बाटली आपटून पावडर मोकळी करा, उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खालपर्यंत घाला, झाकण लावून जोरात हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. एकदम खुणेपर्यंत भरून नुसतं हलवलं तर पातळी खाली जाते आणि औषध जास्त तीव्र होतं. प्रत्येक डोसाआधी पुन्हा हलवा. सिरप नको म्हणणाऱ्या मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या असतात, त्या मागून घ्या.

दहा दिवस जमणारच नाहीत असं वाटत असेल तर बेंझाथिन पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन दहा दिवसांचं काम करतं: 27 किलोपर्यंत 6 लाख युनिट, त्यापुढे 12 लाख. दुखतं फार, आणि ॲलर्जी उठली तर लगेच उपचार करायची तयारी असलेल्या दवाखान्यातच घ्यायचं. अझिथ्रोमायसिन तीन किंवा पाच दिवसांत उरकतं म्हणून लोकप्रिय आहे, पण ते पेनिसिलिनची खरीखुरी ॲलर्जी असलेल्यांसाठी राखून ठेवायचं औषध आहे. त्याला दाद न देणारे स्ट्रेप आहेत.

अँटिबायोटिक सुरू केल्यावर 48 तासांत ताप उतरला नाही तर पुन्हा दाखवा. निदान चुकलं असेल, किंवा पू साठत असेल. अमॉक्सिसिलिन सुरू झाल्यावर काही दिवसांनी अंगभर लाल पुरळ आलं तर परत न्या. एका विशिष्ट विषाणूच्या घशात असं होतं आणि ते नेहमीच ॲलर्जी नसते, पण तो निर्णय फोनवर होत नाही.

शाळा, भावंडं, आणि पुढचे तीन आठवडे

पहिल्या डोसानंतर 24 तास झाले आणि ताप नसेल तर शाळेत पाठवायला हरकत नाही. तोवर पेला, टॉवेल, पाण्याची बाटली वेगळी. भावंडांना काही होत नसेल तर त्यांचा स्वॅब नको आणि "खबरदारी म्हणून" उरलेलं औषधही नको. काही मुलांच्या घशात स्ट्रेप नुसता राहतो, त्रास देत नाही आणि फारसा पसरतही नाही. अशा मुलाला विषाणूचा घसा झाला तरी तपासणी पॉझिटिव्ह येते, म्हणून बरं झाल्यावर पुन्हा तपासणी करून घेण्याची घाई नसावी.

बरं झाल्यावर तीन आठवडे मात्र लक्ष असू द्या. आज गुडघा, परवा घोटा, मग मनगट, असं फिरतं दुखणं आणि सूज; जिना चढताना धाप; हातातून पेला सुटणं, अक्षर अचानक बिघडणं, नकळत होणारी हातापायांची वेडीवाकडी हालचाल. ही संधिवाताच्या तापाची चिन्हं. शाळेत अक्षर बिघडलं म्हणून ओरडा खाणाऱ्या मुलाला हाच आजार निघू शकतो, आणि ही हालचाल तर कधीकधी काही महिन्यांनीही उगवते. निदान झालं तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, म्हणजे झडपेवर दुसरा घाव बसत नाही. दुसरीकडे, एक-दोन आठवड्यांनी लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली आणि सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसली, तर मूत्रपिंडाचा त्रास. त्याच दिवशी रक्तदाब आणि लघवी तपासून घ्या.

"सारखे टॉन्सिल्स होतात, काढून टाकायचे का?" हा प्रश्न उरतोच. त्यासाठी डॉक्टर जे आकडे धरतात ते असे: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा, आणि प्रत्येक वेळी ताप, गाठी, पांढरं किंवा पॉझिटिव्ह स्वॅब यांपैकी काहीतरी नोंदलेलं. "दर महिन्याला घसा धरतो" एवढ्यावर भागत नाही. म्हणूनच तो तापाचा कागद फेकू नका, तारीख घालून फाइलला लावून ठेवा.